साडूसाठी घेतलेलं डॉट कॉम

मी डॉट कॉम घेतलं ते धंद्यासाठी नव्हे. धंद्यासाठी घेतलं असं मी गुजरीतल्या चारचौघांना सांगितलं, बायकोला सांगितलं, एकदा तर देवळात महाराजांनाही सांगितलं. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मी ते साडूसाठी घेतलं.

साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. ज्यांना साडू नाही त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, त्यांची झोप चांगली असते. सख्खा भाऊ पुढं गेला तर आपण निदान ‘आमचा भाऊ’ म्हणून छाती फुगवू शकतो. साडू पुढं गेला तर फुगवायला काही राहत नाही. त्यातून सासरा एकच असतो आणि तो दोघांना शेजारी शेजारी बसवून जेवायला वाढतो. कुणाच्या वाटीत तूप किती पडलं हे न बघता जेवणारा साडू मी अजून पाहिलेला नाही. (मी तर वाटीच्या आधी वाढणाऱ्याचा हात बघतो.)

माझे साडू भरतेशराव जयसिंगपूरचे. पाण्याच्या पंपांची मोठी एजन्सी, काचेचं शोरूम, आत गार हवा. मी जिनेंद्र, मूळचा हुपरीचा. कोल्हापुरात गुजरीत माझं चांदीच्या पैंजणांचं दुकान आहे. दुकान तसं चांगलं आहे, फक्त एका वेळी दोन गिऱ्हाइकं आली तर मला बाहेर उभं राहावं लागतं. त्यांना थोरली दिली, मला धाकटी, त्यामुळं सासरी वडगावात ते ‘थोरले जावई’ आणि मी ‘व्हय, ते बी आल्यात’.

२००४ सालची गोष्ट. आमच्या एकुलत्या एका मेव्हण्याचं, सम्मेदचं लग्न ठरलं. मुलगी निपाणीची. त्या निमित्तानं आम्ही दोघे जावई पेठ वडगावला सासऱ्यांकडं बसलो होतो. सासरे बापूसो, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. शेंगांचे व्यापारी आणि शब्दाला पक्के. पत्रिकेत निमंत्रक म्हणून कुणाकुणाची नावं घालायची याची चर्चा चालली होती. आमच्याकडं लग्नात मुहूर्त चुकला तर चालतो, पत्रिकेत नावाचा क्रम चुकला तर दोन पिढ्या बोलत नाहीत. भरतेशरावांचं नाव पहिलं, हे ठरलेलंच होतं. मी मनातल्या मनात दुसऱ्या नंबरावर समाधान मानत होतो (खोटं आहे, मानत नव्हतो).

तेवढ्यात आप्पा म्हणाले की मुलीचे मामा अमेरिकेत असतात, त्यांच्या तिकडल्या मंडळींसाठी पत्रिकेवर एक ई-मेल घालायला पाहिजे. भरतेशरावांनी खिशातून कार्ड काढलं आणि आप्पांच्या पुढ्यात ठेवलं. गुळगुळीत कार्ड, त्यावर भरतेशपंप्स डॉट कॉम. स्वतःच्या नावाचं. आप्पांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. सासूबाईंनी हात पुसून ते घेतलं आणि देव्हाऱ्याजवळ ठेवलं. देव्हाऱ्याजवळ! मी पाच वर्षांपूर्वी सासूबाईंना चांदीचा करंडा दिला होता, तो अजून कपाटात जुन्या साड्यांच्या खाली आहे.

आप्पांनी मला सहज विचारलं, “तुमचं हाय का असलं काय?”

“हाय की,” मी म्हणालो.

नव्हतं. पण तोंडातून शब्द गेला होता, आणि पत्रिका छापायला अजून अवकाश होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी राजारामपुरीत सयाजीच्या नेट कॅफेत हजर झालो. सयाजी म्हणजे स्वतःच्या कौतुकात कधी कमी न पडणारा माणूस. अख्ख्या इंटरनेटची एक चावी आपल्याकडं आहे अशा थाटात तो बोलतो. त्यानं तासाभरात मला जिनेंद्रपैंजण डॉट कॉम करून दिलं. एका पानाची वेबसाइट, वर माझा फोटो, खाली पैंजणाचा फोटो. पैंजण जास्त चांगलं आलं होतं. वर त्यानं आपणहून एक सोय करून दिली.

“भाऊ, डॉट कॉमच्या आधी कुणी काय बी लिवू दे, सगळं तुमच्याच पेटीत पडणार,” तो म्हणाला. “नाव चुकलं तरी पत्र चुकायचं न्हाय.”

मला ही सोय फार आवडली. आता फक्त पत्र येणं बाकी होतं.

ते काही येईना. मी रोज सकाळी दुकानाला जाताना सयाजीकडं डोकावायचो. पेटी रिकामी. शेवटी मीच घरच्या माणसांना पत्ता देऊन बघितलं, तर घरच्यांना कॉम्प्युटर नव्हता. मग मीच मला एक पत्र पाठवलं. ‘तुमची पैंजणं फार सुंदर आहेत.’ ते आलं. मी त्याला उत्तरही पाठवलं. इकडं भरतेशराव फोनवर, सहज बोलता बोलता, आज पंजाबातून पत्र आलं, आज केरळातून आलं, असं सांगायचे. फोन ठेवला की मला जेवण जायचं नाही. आदिती, माझी बायको, म्हणायची की तुम्हाला पित्त झालंय. मी पित्ताचं औषध घ्यायचो. त्या आजाराचं औषध अजून निघालेलं नाही.

आणि एका सकाळी पेटी उघडली तर पत्रंच पत्रं. खाली खाली जात राहिलो तरी संपेनात. अमेरिका, जर्मनी, ब्राझील, कुठून कुठून आलेली. सगळी इंग्रजीत, लांबलचक, मध्येच आकडे आणि खुणा. मी बी.कॉम. आहे, पण हुपरीचा बी.कॉम. आहे. मी दोन-तीन वाचायचा प्रयत्न केला. त्यात ‘डिलिव्हरी’ हा शब्द सारखा दिसत होता, म्हणजे मालाबद्दलच काहीतरी होतं. मेलर डेमन नावाच्या कुण्या गृहस्थांनी तर एकट्यानं कितीतरी पत्रं लिहिली होती. एवढ्या आग्रहानं लिहिणारा माणूस मोठा व्यापारीच असणार. सयाजी गिऱ्हाइकांत होता, त्याला कशाला विचारा? सगळं त्याला विचारायला लागलं तर डॉट कॉम माझं कसलं? शिवाय पत्रं वाचायची काय घाई होती? मला पत्रं वाचायची नव्हती, मला ती यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी आणखी आली. तिसऱ्या दिवशी सयाजीचा कॉम्प्युटर मध्येच थांबायला लागला.

रविवारी आम्ही वडगावला गेलो. आप्पांकडं सूर्यास्ताच्या आत जेवण होतं, त्यामुळं बढाईला वेळ कमी असतो. मी पहिल्या घासालाच विषय काढला. म्हणालो, आप्पा, हल्ली पत्रांनी वैताग आणलाय. भरतेशरावांनी विचारलं की रोज किती येतात. मी उगाच थोडा विचार केल्यासारखं करून म्हणालो, “मोजत न्हाय आता.”

भरतेशरावांचा हात वाटीतच राहिला. तो क्षण मला आजही आठवला की बरं वाटतं. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं की परदेशातून किती. मी म्हणालो की सगळी परदेशातूनच, आपल्याकडचे लोक अजून मागासलेले आहेत. सासूबाईंनी माझ्या वाटीत तूप वाढलं आणि हात वर उचलायला विसरल्या.

जेवणानंतर आप्पांनी निकाल दिला. पत्रिकेवर पत्ता जिनेंद्ररावांचा. अमेरिकेतल्या मामांनाही निरोप गेला की लग्नाचं काय विचारायचं असेल ते या पत्त्यावर विचारा. भरतेशरावांचं कार्ड त्या संध्याकाळी देव्हाऱ्याजवळून खिडकीत आलं. स्कूटरवरून कोल्हापूरला परत येताना मी इतका खूश होतो की वाटेतलं टोप गाव ओलांडेपर्यंत गाणं म्हणत होतो. आदिती म्हणाली, पित्त कमी झालेलं दिसतंय.

ही मौज पंधरा-वीस दिवस टिकली. मग एक दिवस आप्पांचा फोन आला की येऊन जा, एकटेच या. लग्नघर म्हटल्यावर कामं असतातच, मी गेलो. पण दारातच काहीतरी वेगळं वाटलं. सासूबाईंनी पाण्याबरोबर डिंकाचे लाडू आणून ठेवले. उन्हाळ्यात डिंकाचे लाडू! मी एक खाल्ला, तर म्हणाल्या दुसरा घ्या, बदाम जास्त घातलेत. मेव्हणा सम्मेद माझ्याकडं बघून खाली बघायला लागला. भरतेशराव आधीच येऊन बसले होते. त्यांनी उठून मला आपली पंख्याखालची खुर्ची दिली. बारा वर्षांत त्यांनी मला ती खुर्ची कधी दिली नव्हती. तेव्हाच मी घाबरायला हवं होतं, पण मी बसलो.

आप्पा मला शेंगांच्या गोदामात घेऊन गेले. पोत्यांच्या मध्ये उभं राहून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“हे कवापासनं चालू हाय?”

मला वाटलं पत्रांबद्दल विचारतायत. “झालं की महिनाभर.”

“रोज?”

“रोज. सकाळी जास्त.”

“आदितीला ठावं हाय?”

“तिला काय सांगायचं, आप्पा? तिला त्यातलं कळत न्हाय.”

आप्पांनी डोळे मिटले. “माणसाला असतंय. लाजायचं न्हाय. आमच्या चुलत्याला बी हुतं. मिणच्याच्या वैद्याकडं नेलं, वर्षात पाळणा हलला.”

“पाळणा?” मी म्हणालो. “आप्पा, आम्हाला दोन पोरं हायत.”

“ते पयल्याचं झालं की.”

मग त्यांनी बंडीच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. भरतेशरावांच्या कॉम्प्युटरवर आलेलं पत्र होतं, त्यांनी ते छापून आणलं होतं, रंगीत. पाठवणारा मी होतो. वर माझाच पत्ता होता, जिनेंद्रपैंजण डॉट कॉम, ढळढळीत. आत इंग्रजीत होतं आणि खाली भरतेशरावांनी आप्पांसाठी पेनानं मराठी करून दिलं होतं. अक्षर सुंदर आहे माणसाचं. ‘मित्रा, मीसुद्धा तुझ्यासारखाच निराश होतो. माझी पत्नी माझ्याकडे पाठ करून झोपत असे. या गोळ्यांनी माझे तारुण्य परत आले. आता ती मला झोपू देत नाही. आजच मागव.’

मला शेंगांच्या पोत्यावर बसावं लागलं.

मी म्हणालो की हे मी लिहिलेलं नाही. आप्पा म्हणाले, असू दे. मी म्हणालो, मला असल्या गोळ्या ठाऊकसुद्धा नाहीत. आप्पा म्हणाले, असू दे, असू दे. ज्या मायेनं ते ‘असू दे’ म्हणत होते, त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेवढंही नव्हे. अमेरिकेतल्या मामांनी लग्नाची तारीख विचारायला मला तीन पत्रं पाठवली होती. ती त्या ढिगात कुठं गाडली गेली ते देव जाणे. उत्तर आलं नाहीच, वर त्यांनाही माझ्या नावानं याच गोळ्या गेल्या. मामांनी निपाणीला फोन केला, निपाणीनं वडगावला. मुलीच्या आईनं विचारलं होतं की हे जावई करतात काय नेमकं.

“सोयरिकीत शब्द खाली पडला न्हाय आजवर,” आप्पा म्हणाले. “पत्रिका गुरवारी छापाय जाणार. तुमचं काय ते तवर मिटवा. न्हायतर पत्ता जाऊ दे, नाव बी घालाय अवघड हाय.”

म्हणजे दुसरा नंबरही जात होता. बाहेर आलो तर भरतेशराव उभेच होते. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले की मी कुणाला बोललो नाही. घरात सगळ्यांना बसवून मराठी करून सांगितलं, तेवढं सोडलं तर त्यांचं खरं असावं. हा माणूस मला हसला असता तर मी सोसलं असतं. त्याला माझी कीव आली होती. साडूची कीव पोटात गेली की डिंकाचा लाडूही पचत नाही.

पुढची बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. भरतेशरावांकडं दुसरंही एक पत्र आलं होतं, ते आदितीच्या अक्कानं फोनवर वाचून दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही मुलांना पुढं उभं करून आणि आदितीला मागं बसवून मी स्कूटर चालवत होतो. मागून शांतपणे प्रश्न आला.

“वेरोनिका कोण?”

“कुठली?”

“तुमच्या दुकानातली.”

“आमच्या दुकानात मी मावत न्हाय, वेरोनिका कुठनं येईल?”

“तिचा पत्ता तुमच्या डॉट कॉमचा हाय. ती एकटी असती म्हणं. सोबत पायजे म्हणं.”

आता इथं मी ताबडतोब नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला जरा बरं वाटलं. लग्नाला बारा वर्षं झाली, आदितीनं मला कधी विचारलं नव्हतं की उशीर का झाला. उशीर झाला तर ती जेवून घ्यायची. आज तिच्या आवाजाला धार होती. माझ्यावरून कुणाला तरी मत्सर वाटत होता, हे सुख मला नवीन होतं. म्हणून मी एवढंच म्हणालो, “काय विचारतेस उगंच.” आणि आरशात बघून केस सारखे केले.

त्या रात्री मला ताटात भात आणि ताक मिळालं. दुसऱ्या दिवशी फक्त ताक.

मी सयाजीकडं धाव घेतली. त्यानं पेटी उघडली, चार पत्रं वाचली आणि इतका हसला की शेजारच्या खुर्चीवरचं गिऱ्हाईक उठून गेलं. मग त्यानं सांगितलं ते असं. यातलं एकही पत्र मालासाठी नव्हतं. जगात कुठंतरी बसलेला एक भामटा माझ्या डॉट कॉमचं नाव घालून लाखो लोकांना गोळ्या विकत होता, त्या लाखांत भरतेशराव आणि मामाही सापडले. ज्यांचे पत्ते चुकीचे होते, त्यांच्याकडची पत्रं परत फिरून पाठवणाऱ्याकडं, म्हणजे माझ्याकडं येत होती, आणि ज्यांचे बरोबर होते त्यातले काही चिडून मलाच उलट लिहीत होते. आणि डॉट कॉमच्या आधी वेरोनिका लिहा की आणखी कोण लिहा, सगळं माझ्याच पेटीत पडेल अशी सोय आपण केलीच होती. (‘आपण’ हा शब्द त्यानं फार मोकळेपणानं वापरला.) मेलर डेमन हे व्यापारी नव्हते. ते परत आलेली पत्रं आणून टाकणारं यंत्र होतं. मला त्यांचं जास्त वाईट वाटलं, मी त्यांना पैंजणांचे दर पाठवले होते.

मी विचारलं की पोलिसांत जाऊ का. सयाजी म्हणाला की पोलीस पहिल्यांदा गोळ्या कुठं आहेत ते विचारतील. नाव कुणी वापरावं हे आपल्या हातात नाही. त्यानं दोन कामं केली. ती सोय बंद केली, आता माझ्या खऱ्या पत्त्याशिवाय काही आत येणार नव्हतं. आणि डॉट कॉमच्या नोंदीत एक ओळ घातली की माझ्या नावाचं पत्र अमुक एका यंत्रावरूनच सुटतं, बाकीची खोटी समजावीत. ज्या यंत्रांना ती ओळ वाचायची ती वाचतील, ज्यांना नाही ती नाही, असं तो म्हणाला.

मग माझ्या मनातला खरा प्रश्न मी विचारला. जगात एवढी डॉट कॉम असताना माझंच नाव का? भरतेशपंप्स का नाही?

“ज्याच्याकडं कोण बघत न्हाय असलं बघून घेत्यात,” सयाजी म्हणाला. “चालू दुकानात चोर बसत न्हाय, भाऊ.”

हे उत्तर मी कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं. सयाजी मिसळ खायला गेला आणि मी त्याच्या खुर्चीत एकटाच राहिलो. समोर ती सगळी माणसं होती, ज्यांनी चिडून मला उलट पत्रं लिहिली होती. एका म्हातारीनं तर शाप दिल्यासारखं काहीतरी लिहिलं होतं. माणूस म्हणून मला ते सोसवेना. आपल्या नावावर डाग आहे आणि आपण गप्प बसायचं? मी माझ्या इंग्रजीत एक सविस्तर पत्र लिहिलं. मी एक घरंदाज मनुष्य आहे, पैंजणांचा व्यापारी आहे, दोन मुलांचा बाप आहे, माझ्या तारुण्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. आणि पेटीत होते नव्हते तेवढे सगळे पत्ते घालून ते एकदम पाठवून दिलं.

सयाजी परत आला तेव्हा माझी पेटीच बंद झाली होती. पेटी देणाऱ्या कंपनीनं कळवलं होतं की ओळख नसलेल्या लोकांना ढीगभर पत्रं पाठवल्याबद्दल आपली सेवा थांबवण्यात येत आहे.

“आतापतुर खोटं हुतं,” सयाजी म्हणाला. “हे तेवढं खरंच तुम्ही पाठीवलं.”

ते पत्र भरतेशरावांनाही गेलं होतं, त्यांचा पत्ता मी मुद्दाम आठवून घातला होता. अर्थातच त्यांनी त्याचं मराठी केलं.

गुरुवार उद्यावर आला होता. मी सयाजीला स्कूटरवर घातलं आणि वडगावला नेलं. सगळे बसले होते. आदितीही माहेरी येऊन बसली होती, माझ्याशी न बोलता. आप्पांच्या समोर सयाजीनं नेहमीच्या थाटात यंत्रं, नोंदी असलं बोलायला सुरुवात केली. आप्पांचा चेहरा निर्विकार. मी मनात पत्रिकेवरचं माझं नाव पुसलं जाताना बघत होतो. मग सयाजी थांबला. त्यानं विचारलं, “आप्पा, चौकात त्यो डिजिटल बोर्ड लागलाय, कुणाच्या तरी वाढदिवसाचा. त्यावर शुभेच्छुक म्हणून तुमचा फोटो हाय. तुम्ही दिलता?”

आप्पा ताडकन उठले. “म्या त्या पोराचं तोंड बी बघितलेलं न्हाय. माझ्या चुलत्याच्या बाराव्यातला फोटो घेतलाय त्यांनी. गावातली माणसं मला विचाराय लागल्यात, तुमी कुठल्या पार्टीत गेलासा म्हणून.”

“झालं तर मग,” सयाजी म्हणाला. “जावयाचा तसाच फोटो लावलाय. बोर्ड दुसऱ्याचा.”

खोलीत गार वारा सुटल्यासारखं झालं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. सोसलेल्या माणसालाच कळतं. सम्मेद हसला. आदितीनं विचारलं की मग वेरोनिका? सयाजी म्हणाला, वहिनी, तसली कुणी बाईच नसती, यंत्र नावं पाडतंय. ती म्हणाली, वाटलंच मला, आणि उठून चहा टाकायला गेली. ‘वाटलंच मला’ हे ती जितक्या लवकर म्हणाली ते मला लागलं, पण ते असो.

खरी मजा पुढं झाली. भरतेशरावांनी आपलं कार्ड खिशातून काढून बघितलं आणि परत ठेवलं. मग घसा साफ करून म्हणाले, “एवढ्या जगात नेमकं जिनेंद्ररावांचंच घेतलं व्हय? माझं बी डॉट कॉम हाय की.”

त्यांना मत्सर वाटत होता. भामट्यानं आपलं नाव वापरलं नाही याचा. मी त्यांचा चेहरा डोळे भरून बघून घेतला. सयाजी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोवर मी त्याच्या पायावर पाय दिला आणि नम्रपणे म्हणालो की ज्याचं नाव असतं त्याचंच वापरतात.

आप्पांनी मान हलवली. “जिनेंद्रराव, लई सोसलासा. तुमचं नाव पत्रिकेत येणारच. ठळक अक्षरात. मी सोता छापखान्यात उभा राहून घालतो.”

ठळक अक्षरात! तो आठवडा मी हवेत होतो. घरात भाजी परत सुरू झाली. पैंजणं घ्यायला आलेल्या बायकांना मी न विचारता लग्नाची तारीख सांगत होतो. पत्रिकांचा गठ्ठा आला तो आदितीनं सोडला. निमंत्रकांत पहिले भरतेशराव आणि शेजारी त्यांचं डॉट कॉम. त्याचं मला काही वाटलं नाही, माझी पेटी बंदच होती. पण खाली माझं नाव नव्हतं. मी पत्रिका उलटी केली, पाकिटात बघितलं.

“अहो, हे काय खाली,” आदिती म्हणाली. “चौकटीत.”

सगळ्यात खाली, लाल चौकटीत, वधूवरांच्या नावाएवढ्या ठळक अक्षरांत छापलं होतं. ‘विशेष सूचना : आमचे धाकटे जावई श्री. जिनेंद्र (पैंजणवाले, कोल्हापूर) यांच्या नावाने तारुण्य, गोळ्या अथवा वेरोनिका यासंबंधी पत्र आल्यास ते त्यांचे नसून त्यांना तसा कोणताही त्रास नाही, याची आप्तेष्टांनी नोंद घ्यावी. कृपया आहेर आणू नये.’

ज्यांच्याकडं कॉम्प्युटर नव्हता, ई-मेल नव्हता, ज्यांनी गोळ्यांचं नावही ऐकलं नव्हतं, अशा वडगाव, हुपरी, निपाणीपर्यंतच्या यच्चयावत घरांत ती पत्रिका गेली. भरतेशरावांचा फोन आला. चौकटीत नाव आलं तुमचं, आमचं आपलं साधंच, असं म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरच मत्सर होता. मला मात्र त्याचा पूर्वीसारखा आनंद घेता आला नाही.

लग्नाच्या दिवशी मी फेटा बांधून मांडवाच्या दारात स्वागताला उभा होतो. लोक माझ्याकडं बघत होते, आपसात बोलत होते, मान हलवत होते. निपाणीकडचे एक वयस्क गृहस्थ दोनदा पुढं गेले आणि परत आले. जवळ येऊन त्यांनी आवाज खाली केला.

“पावणं, ते चौकटीतलं जावई तुम्हीच न्हवं?”

मी म्हणालो, “व्हय.”

त्यांनी मला फेट्यापासून चपलांपर्यंत नीट न्याहाळलं आणि निराश होऊन मान हलवली.

“गुण आल्यागत काय दिसत न्हाय.”